लग्नाच्या हॉलमध्ये वायफाय का झोपतं? उत्तर मार्कोनीच्या आयुष्यात सापडतं

समजा, आखाडा बाळापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयात हळद उत्पादकांचा मोठा मेळावा आहे. कळमनुरी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. नांदेड, हिंगोली, वसमत, सगळीकडून माणसं आलीत. हजारभर खुर्च्या भरल्यात. आयोजकांनी हौसेनं वायफाय लावलंय, पासवर्ड स्टेजमागच्या बॅनरवर लिहिलाय. सकाळी हॉल रिकामा होता तेव्हा व्हिडिओ फटाफट चालत होता. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं आणि सगळ्यांच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरायला लागतं.

मग कुणीतरी म्हणतं, राउटर भारी घ्यायला पाहिजे होता. दुसरा म्हणतो, आणखी दोन लावा. तिसरा फोनचं हॉटस्पॉट चालू करतो. आणि होतं काय, तर जे थोडंफार चालत होतं तेही बंद पडतं.

आता गंमत अशी की हा घोळ आजचा नाही. बिनतारी यंत्र जगात आलं, त्याच्या पाठोपाठ हा घोळही आला. ज्या माणसानं ते यंत्र घरोघरच्या बोलण्यात आणलं, त्याला आयुष्यभर याच प्रश्नानं छळलं. हवा एक, बोलणारे अनेक. मग कुणी कधी आणि कुठल्या वाटेनं बोलायचं?

त्या माणसाचं नाव गुल्येल्मो मार्कोनी. त्याला सापडलेलं एक उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दौंडमध्ये उभं राहिलं होतं.

आई आयरिश, बाप इटालियन, पोरगं माळ्यावर

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील ज्युसेप्पे हे जमीनजुमला असलेले गृहस्थ. आई ॲनी ही आयर्लंडची, जेमसन व्हिस्की बनवणाऱ्या घराण्यातली. आईमुळे मुलाला इंग्रजी लहानपणापासून येत होती. पुढं त्याचा फार उपयोग झाला.

शाळेत हा काही चमकला नाही. विद्यापीठाची पदवीही मिळाली नाही. पण विजेचं वेड होतं. शेजारीच राहणारे प्राध्यापक ऑगुस्तो रीगी यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात येऊ दिलं.

१८९४ च्या सुरुवातीला हाइन्रिख हर्ट्झ वारले. विद्युतचुंबकीय लहरी खरंच असतात हे प्रयोगानं दाखवणारे ते शास्त्रज्ञ. मोबाइलच्या जाहिरातीत आपण मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ वाचतो, ते यांच्याच नावावरून. रीगींनी हर्ट्झवर लेख लिहिला, तो वीस वर्षांच्या मार्कोनीच्या हाती पडला आणि डोक्यात विचार आला की या लहरींवरून निरोप पाठवता येईल.

मग घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. १८९५ मध्ये तो यंत्र घेऊन बाहेर पडला. भाऊ अल्फोन्सो रिसीव्हर घेऊन टेकडीपलीकडे गेला. संदेश पोहोचला तर बंदुकीचा बार काढायचा असं ठरलं होतं. बार ऐकू आला. साधारण दोन किलोमीटर अंतर, मध्ये टेकडी, आणि तार कुठंच नाही.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथं ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला उचलून धरलं. जूनमध्ये पेटंटचा अर्ज गेला, पुढच्या वर्षी कंपनी निघाली. मार्कोनी तेव्हा फक्त २३ वर्षांचा होता.

याच काळात आपले जगदीशचंद्र बोस कोलकात्यात काम करत होते. त्यांनी १८९५ मध्येच बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं होतं आणि फक्त काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर ते संशोधन करत होते. त्यांना धंद्यात रस नव्हता, मार्कोनीला होता. दोघांच्या वाटा तिथंच वेगळ्या झाल्या.

पहिली अडचण: सगळेच एकदम बोलायला लागले

सुरुवातीचं बिनतारी यंत्र कसं होतं? दोन गोळ्यांमध्ये मोठी ठिणगी पाडायची. त्या ठिणगीतून लहरी निघायच्या आणि चहूकडे पसरायच्या. अडचण अशी की त्या लहरी एका ठरावीक मापाच्या नसायच्या. एकाच वेळी खूप रुंद पट्टा त्या व्यापून टाकायच्या.

आपल्या मोंढ्याचं उदाहरण घ्या. हळदीचा लिलाव चालू असतो तेव्हा एका ढिगाजवळ एकाचाच आवाज असतो, म्हणून बोली कळते. शेजारच्या दहा ढिगांचे लिलाव त्याच वेळी, तेवढ्याच मोठ्या आवाजात सुरू झाले तर? आवाज भरपूर, पण भाव कुणालाच कळणार नाही. ठिणगीच्या यंत्रांचं तसंच होतं. एक यंत्र असेल तर झकास. दोन आली की गोंधळ.

यावरचा उपाय म्हणजे ट्यूनिंग. पाठवणाऱ्यानं एका ठरावीक लहरीवर पाठवायचं आणि घेणाऱ्यानं तेवढीच लहर वेचून घ्यायची. रेडिओची खुंटी फिरवून आकाशवाणी लावायचो, तेच तत्त्व. १९०० मध्ये मार्कोनीनं यावर ब्रिटनमध्ये पेटंट घेतलं. त्याचा क्रमांक होता ७७७७. चार सातांचं हे पेटंट पुढं जगप्रसिद्ध झालं. आज आपण वायफायचा चॅनेल क्रमांक ६ किंवा ११ निवडतो, त्यामागची मूळ कल्पना हीच आहे.

मात्र इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ट्यूनिंग एकट्या मार्कोनीच्या डोक्यातून निघालं नव्हतं. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्येच त्याचं पेटंट मागितलं होतं. ते पेटंट नंतर मार्कोनीच्या कंपनीला विकत घ्यावं लागलं. निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन यांचंही काम आधीचं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४३ मध्ये मार्कोनीच्या तिथल्या ट्यूनिंग पेटंटचे मुख्य दावे रद्द केले. पण तोवर मार्कोनीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

बोटींची शर्यत, आणि बातमी कुणालाच नाही

१८९९ मध्ये मार्कोनीनं न्यूयॉर्कजवळच्या अमेरिका कप बोट शर्यतीच्या बातम्या समुद्रातून बिनतारी पाठवल्या होत्या. वाहवा झाली होती. १९०१ मध्ये पुन्हा शर्यत आली. या वेळी मात्र मैदानात तीन गडी होते. मार्कोनीची कंपनी, ली डी फॉरेस्ट यांची कंपनी आणि तिसरी एक अमेरिकन कंपनी.

तिघांनीही यंत्रं सुरू केली. तिघांच्या लहरी एकमेकांत मिसळल्या. त्यातच तिसऱ्या कंपनीनं इतरांच्या संदेशात मुद्दाम अडथळे आणले. किनाऱ्यावर नुसता खडखडाट ऐकू येत राहिला. शेवटी बातमी कळवायला झेंडे आणि हातवारे अशा जुन्या पद्धतींचा आधार घ्यावा लागला.

आज एका हॉलमध्ये तीन स्टॉलवाले आपापले राउटर आणतात आणि तिघांचंही नेट बंद पडतं, तो प्रकार १९०१ मध्येच घडून गेला होता.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला मार्कोनीनं आयुष्यातला सगळ्यात मोठा दावा केला. इंग्लंडच्या पोल्ढू गावातून निघालेला एस अक्षराचा संकेत, म्हणजे तीन टिंबं, त्यानं अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. वादळी वाऱ्यात पतंग उडवून त्याला अँटेनाची तार बांधली होती. सोबत साक्षीला त्याचा मदतनीस जॉर्ज केम्प तेवढा होता. तो संकेत खरंच ऐकू आला की वातावरणातली खरखर होती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्या दिवशी वापरलेल्या पाऱ्याच्या डिटेक्टरचं मूळ बोस यांच्या १८९९ च्या संशोधनात आहे, असंही संशोधकांनी पुढं दाखवून दिलं.

पण जगानं मार्कोनीला डोक्यावर घेतलं. आणि मार्कोनीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. दूर पोहोचायचं असेल तर ताकद वाढवायची. मोठं यंत्र, उंच खांब, लांबलचक लहर. या समजुतीची किंमत त्याला पुढं वीस वर्षं मोजावी लागली.

भरल्या सभागृहात जादूगारानं घेतलेली फिरकी

४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचं सभागृह श्रोत्यांनी भरलेलं. मार्कोनी कंपनीचे सल्लागार प्राध्यापक जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग व्याख्यान देत होते. मार्कोनी स्वतः लांब कॉर्नवॉलमध्ये पोल्ढूच्या केंद्रावर होता आणि तिथून संदेश पाठवणार होता. ट्यूनिंगमुळे आपले संदेश दुसऱ्या कुणाला पकडता येणार नाहीत, असा कंपनीचा दावा होता.

संदेश यायची वेळ जवळ आली आणि यंत्रानं आपोआप टिकटिक सुरू केली. फ्लेमिंग यांचे सहायक आर्थर ब्लॉक यांनी कान देऊन ऐकलं आणि ते चक्रावले. मोर्स कोडमध्ये उंदीर या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मग मार्कोनीची टिंगल करणाऱ्या ओळी आल्या. श्रोत्यांना फारसं काही कळलं नाही, पण ज्यांना मोर्स येत होतं त्यांचा चेहरा उतरला.

हे केलं कुणी? नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगारानं. त्याला बिनतारीचा नाद होता आणि समुद्राखालून तारा टाकणाऱ्या कंपनीनं त्याला मार्कोनीवर नजर ठेवायचं काम दिलं होतं. जवळच्याच नाट्यगृहात साधं ठिणगीचं यंत्र ठेवून त्यानं हा उद्योग केला.

फ्लेमिंग भडकले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून या गुंडगिरीचा निषेध केला. मॅस्केलिननं उलट जाहीर उत्तर दिलं की हे सगळं लोकहितासाठी केलंय, कारण दावा खोटा होता हे लोकांना कळायला हवं.

जगातल्या पहिल्या हॅकिंगपैकी एक म्हणून हा किस्सा आज सांगितला जातो. पण त्यात दुसराही धडा आहे. मॅस्केलिनचं यंत्र मार्कोनीच्या यंत्रापुढं चिल्लर होतं. तरी ते जिंकलं, कारण ते जवळ होतं. शेकडो किलोमीटरवरून येणारी मोठी लहरही सभागृहापर्यंत येईतो क्षीण होते. शेजारून येणारी छोटी लहर तिला सहज झाकून टाकते. हॉलमधला महागडा राउटर खिशातल्या हॉटस्पॉटपुढं हरतो, तो याच कारणानं.

आमच्याच यंत्राशी बोला

मार्कोनी कंपनी जहाजांना यंत्र विकायची नाही, भाड्यानं द्यायची. सोबत ऑपरेटरही कंपनीचाच. आणि नियम असा की संकटाची वेळ सोडली तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला उत्तर द्यायचं नाही.

१९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइन्रिख अमेरिकेहून परतत होता. त्याच्या जहाजावर जर्मन बनावटीचं यंत्र होतं. मार्कोनीच्या केंद्रांनी त्याला दाद दिली नाही. जर्मनी संतापली आणि बर्लिनमध्ये १९०३ ला परिषद बोलावली गेली.

१९०६ मध्ये बर्लिनलाच दुसरी, मोठी परिषद झाली. त्यात दोन गोष्टी ठरल्या. एक, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, जहाज आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांनी एकमेकांशी बोलायचं. दोन, जहाजांच्या सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर तरंगलांबीच्या लहरी वापरायच्या. हवेचे असे वाटे करण्याची सुरुवात इथून झाली. कुठला पट्टा कुणाला, हे आज सरकार ठरवतं, त्याची मुळं या परिषदेत आहेत.

मार्कोनीला हे आवडलं नाही, कारण त्याची मक्तेदारी जात होती. तरी १९०९ मध्ये त्याला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वय ३५.

ती रात्र

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकवर दोन ऑपरेटर होते, जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड. दोघेही मार्कोनी कंपनीचे. आदल्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे प्रवाशांच्या खासगी निरोपांचा ढीग साचला होता. फिलिप्स ते निरोप न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राला पाठवत बसला होता.

तेवढ्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स मध्येच बोलला. त्यांचं जहाज बर्फात अडकून थांबलंय, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण जहाज जवळ असल्यामुळे त्याचा संकेत फिलिप्सच्या कानात धाडकन आदळला आणि केप रेसचा बारीक आवाज बुडाला. फिलिप्सनं त्याला झिडकारलं, मी कामात आहे, गप्प बस. इव्हान्स गप्प बसला. थोड्या वेळानं यंत्र बंद करून झोपायला गेला.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळलं.

सगळ्यात जवळच्या जहाजांपैकी एकाचा कान बंद होता. लांब असलेल्या कार्पेथियानं हाक ऐकली, तीही तिचा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम अजून जागा होता म्हणून. साधारण ७०० माणसं वाचली, १,५०० च्या आसपास गेली. फिलिप्स बुडाला, ब्राइड वाचला.

मार्कोनी तेव्हा अमेरिकेतच होता. न्यूयॉर्कला कार्पेथिया आली तेव्हा तो जहाजावर जाऊन ब्राइडला भेटला. लोकांनी त्याला तारणहार मानलं, कारण त्याच्या यंत्रामुळेच ते ७०० जीव वाचले होते. पण चौकशीत दुसरी बाजूही पुढं आली. यंत्र होतं, माणसं होती, पण कुणी कधी ऐकायचं आणि कुठला संदेश आधी, याची शिस्त नव्हती.

त्याच वर्षी नियम कडक झाले. मोठ्या जहाजांवर चोवीस तास कान उघडा ठेवणं आलं. अमेरिकेनं ऑगस्ट १९१२ मध्ये रेडिओ कायदा केला. हौशी लोक फार गोंधळ घालतात म्हणून त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींत ढकलून दिलं. तो पट्टा तेव्हा निकामी समजला जायचा. हा निकामी पट्टा लक्षात ठेवा.

सप्टेंबर १९१२ मध्ये इटलीत मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

चूक कळली, आणि दौंडचं नाव आलं

पहिल्या महायुद्धानंतर मार्कोनीनं एक मोठी बोट विकत घेतली आणि तिला तरंगती प्रयोगशाळा बनवलं. नाव ठेवलं एलेत्रा.

इकडे निकामी पट्ट्यात ढकललेल्या हौशी पोरांनी चमत्कार केला होता. लहानशा यंत्रांवर, छोट्या लहरींवर त्यांचे संदेश अटलांटिक ओलांडायला लागले. मोठ्या कंपन्या मात्र लांब लहरी आणि अगडबंब यंत्रांतच अडकल्या होत्या. आपण चुकीच्या वाटेनं गेलो आणि सगळ्यांना त्याच वाटेनं नेलं, हे मार्कोनीनं पुढं जाहीरपणे मान्य केलं. एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हणायला हिंमत लागते.

१९२३ मध्ये त्यानं एलेत्रावरून आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांपर्यंत जात प्रयोग केले. पोल्ढूला चार्ल्स फ्रँकलिन हा त्याचा अभियंता यंत्र चालवत होता. दिसून आलं ते असं. लहर छोटी ठेवा. तिला चारी दिशांना उधळू नका, अँटेनांची रांग लावून झोत एकाच दिशेला सोडा. मग कितीतरी कमी विजेत ती कितीतरी लांब जाते. वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून ती परत पृथ्वीकडे वळते.

विहिरीवरच्या मोटेचं पाणी रानभर मोकळं सोडलं तर ते दहा पावलांत जिरतं, पाटानं नेलं तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं. तसाच हा हिशोब.

१९२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं या झोताच्या पद्धतीवर साम्राज्यातले देश जोडायचं कंत्राट मार्कोनी कंपनीला दिलं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका जोडले गेले. सप्टेंबर १९२७ मध्ये भारत जोडला गेला. पाठवण्याचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला, आणि घेण्याचं केंद्र दौंडला. इंग्लंडमध्ये समोर होती ग्रिम्सबी आणि स्केग्नेस ही केंद्रं.

आता प्रश्न पडेल, खडकी आणि दौंड वेगवेगळं कशाला? एकाच आवारात दोन्ही का नाही? कारण तोच, मॅस्केलिनचा आणि इव्हान्सचा. जवळचा आवाज लांबच्या आवाजाला खातो. इंग्लंडहून आलेली क्षीण लहर ऐकायची असेल तर आपल्याच ट्रान्समीटरचा गोंगाट कानाजवळ नको. म्हणून मध्ये पाऊणशे किलोमीटरचं अंतर.

दुसरी युक्ती म्हणजे दिवसा एक लहर आणि रात्री दुसरी. सूर्यप्रकाशात वरचा थर बदलतो, त्यामुळे दिवसा चालणारी लहर रात्री चालत नाही. वेळ बघून चॅनेल बदलायचा, ही गोष्ट त्या काळी खडकीत रोजची होती.

तेव्हा आखाडा बाळापूर निजामाच्या राज्यात होतं. तिथून दौंड काही फार लांब नव्हतं, पण दौंडचे कान लंडनकडे होते, बाळापूरकडे नाही. नवं तंत्रज्ञान आधी कुणासाठी येतं, हेही यातून दिसतं.

या झोतानं समुद्राखालच्या तारांचा धंदा इतका खाल्ला की शेवटी ब्रिटनमध्ये तार आणि बिनतारी कंपन्यांचं एकत्रीकरण करावं लागलं. भारतातली ही सेवा १९४७ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. तिचं पुढचं रूप म्हणजे विदेश संचार निगम.

शेवटची वर्षं, आणि एक काळा डाग

मार्कोनीच्या आयुष्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. १९२७ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं तेव्हा मुसोलिनी त्याच्या बाजूनं साक्षीदार होता. १९३० मध्ये तो इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. ज्यू विद्वानांना अकादमीत येऊ न देण्यात त्याचा हात होता, हे नंतर सापडलेल्या कागदपत्रांतून उघड झालं. जगाला जोडणारं यंत्र देणारा माणूस माणसांना तोडणाऱ्यांसोबत उभा राहिला.

प्रयोग मात्र शेवटपर्यंत चालू होते. १९३१ मध्ये त्यानं व्हॅटिकनचं रेडिओ केंद्र सुरू करून दिलं. पुढच्या वर्षी पोपच्या दोन निवासस्थानांमध्ये सुमारे अर्धा मीटर लांबीच्या लहरींवर टेलिफोन जोडला. आपल्या वायफायची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची असते. म्हणजे मार्कोनी आपल्या घरातल्या राउटरच्या दिशेनंच सरकत होता.

मग हॉलमध्ये करायचं काय?

आता पुन्हा मेळाव्याकडे येऊ. मार्कोनीच्या आयुष्यातले धडे इथं जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला, चॅनेल नीट वाटा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल दिसतात. पण शेजारच्या दोन चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका सिग्नलची रुंदी २० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांना धक्का न लावता चालतात. कुणी हुशारीनं ३ किंवा ८ निवडला की तो दोघांच्याही मध्ये घुसतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळे चॅनेल कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे गर्दीत शक्य तेवढे फोन तिकडे वळवायचे.

दुसरा, ताकद वाढवू नका, कमी करा. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबून ऐकतात. एकच दांडगा राउटर लावला तर हजार माणसं एका रांगेत उभी राहतात. त्याऐवजी कमी ताकदीचे जास्त ॲक्सेस पॉइंट लावायचे आणि प्रत्येकानं आपल्यापुरत्या खुर्च्या सांभाळायच्या. एकाच चॅनेलचे दोन शेजारी येऊ द्यायचे नाहीत.

तिसरा, झोत सोडा. मोठ्या सभागृहांत दिशा धरून चालणारे अँटेना छतावरून ठरावीक रांगांवर रोखतात. स्टेडियममध्ये कधी खुर्चीखाली बसवतात, कारण माणसाच्या शरीरातलं पाणी लहरी शोषतं आणि गर्दीच शेजारच्या सिग्नलला आडोसा होते. रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी असते.

चौथा, चॅनेलची रुंदी आवरा. घरी ८० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल छान वेग देतो. गर्दीत तो चौघांची जागा एकट्यानं अडवतो. तिथं २० चाच बरा.

पाचवा, हॉटस्पॉट बंद. जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स आयफोन ४ दाखवत होते आणि स्टेजवरच नेट अडलं. हॉलमध्ये लोकांनी आणलेली ५०० हून जास्त छोटी वायफाय केंद्रं चालू होती. ती बंद करा म्हणून त्यांना स्टेजवरून सांगावं लागलं. जगातली बडी कंपनी, आणि तिचीही अवस्था १९०१ च्या बोट शर्यतीसारखी.

या सगळ्याचं नियोजन खुर्च्या मांडायच्या आधी, हॉलचा नकाशा समोर ठेवून करायचं असतं. भाषण सुरू झाल्यावर राउटर बदलून काही होत नाही.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये मार्कोनी गेला. वय ६३. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये बीबीसी आणि पोस्ट खात्याच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं. ज्या हवेत त्यानं गलबला सुरू केला होता, ती हवा दोन मिनिटं रिकामी ठेवून त्याला निरोप दिला गेला.

पुढच्या वेळी मेळाव्यात नेट अडलं, तर राउटरला शिव्या देण्याआधी खिशातलं हॉटस्पॉट बंद करून बघा. शेजाऱ्यालाही सांगा.